छेदवाले भावोजी

आमच्या भावोजींना नुसता आकडा पचत नाही. "अमक्याने सहा लाख डॉलरचं घर घेतलं" असं कुणी म्हटलं की ते हातातला कप बशीत ठेवतात आणि विचारतात, "भागिले?" भागिले चौरस फूट, भागिले घरातली माणसं, भागिले ऑफिसला पोचायला लागणारी मिनिटं. समोरचा गोंधळला की त्यांना बरं वाटतं. "अंश काय, कुणीही सांगतो रे. छेद सांग, छेद!"

अशी माणसं आपल्याकडेही असतात. मंडईत "मेथीची जुडी वीस रुपये" ऐकून काड्या मोजणारे काका तुम्ही पाहिले असतील. पण आमचे भावोजी गेली पंचवीसएक वर्षं ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतात, विमा कंपनीत धोक्यांचे हिशेब करतात आणि शनिवार-रविवार कॉलेज फुटबॉलमधल्या वाइड रिसीव्हरांची क्रमवारी लावतात. कार्यक्षमतेनुसार. त्यांना ही क्रमवारी कुणी मागितलेली नाही, आणि ती प्रसिद्धही कुठे होत नाही. ती फक्त ताईला, मला आणि शेजारच्या गोऱ्या आजोबांना ऐकावी लागते.

कोलंबसमध्ये राहून फुटबॉल टाळता येत नाही हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या घोड्याच्या नालासारख्या स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतं. विद्यार्थ्यांच्या मॅचला लाखभर माणूस, हे आपल्याला ऐकूनही खरं वाटत नाही. शनिवारी सगळं गाव लाल कपड्यांत असतं, आणि किराणा दुकानातला अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून "ओ-एच!" असं ओरडतो. त्यावर तुम्ही "आय-ओ!" म्हणायचं असतं. भावोजी सुरुवातीला "थँक यू" म्हणायचे. सोमवारी ऑफिसात आपल्याशी कुणी बोलत नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी खेळ शिकायला घेतला, आणि शिकता शिकता त्यांना कळलं की या खेळात धावण्यापेक्षा भागाकाराला वाव जास्त आहे. तिथून पुढे त्यांना कुणी अडवू शकलं नाही.

नवा पाहुणा आला की जेवणाच्या टेबलावर शिकवणी होते. लोणच्याची बरणी म्हणजे क्वार्टरबॅक, बॉल टाकणारा. मिठाची डबी म्हणजे वाइड रिसीव्हर, बॉल झेलणारा, तो मैदानाच्या कडेला उभा. लिंबाची फोड म्हणजे बॉल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. भावोजी मिठाची डबी ताटांच्या कडेने जोरात पळवतात, कोशिंबिरीच्या वाडग्यापाशी एकदम आत वळवतात आणि बरणीच्या बाजूने लिंबू उडवतात. ते बहुधा वरणात पडतं.

"आता नीट ऐक," ते म्हणतात. "ही डबी दर खेपेला पळते. जीव तोडून. पण लिंबू तिच्याकडे येतं पाचात एकदा. पेपरवाले काय मोजतात? झेल किती घेतले. उरलेल्या चार वेळा ती पळाली, ते कुणी मोजायचं?"

पाहुणा नम्रपणे विचारतो, "कुणी?"

"आपण!"

इथे 'दर रूटमागे यार्ड' या त्यांच्या लाडक्या आकड्याची प्रतिष्ठापना होते. रिसीव्हर पासच्या डावात जितक्या वेळा धावला, त्या प्रत्येक धावेला छेदात जागा. बॉल त्याच्याकडे आला नसला तरी. त्याच्या खालोखाल 'दर पासमागे यार्ड', मग 'संघाच्या दर पासमागे यार्ड', आणि अगदी तळाला, मागच्या दाराने आलेला 'दर झेलामागे यार्ड'. क्वार्टरबॅकसाठी कॉलेज फुटबॉलचं एक अधिकृत सूत्र आहे: यार्डांना ८.४ ने गुणायचं, टचडाउनला ३३० ने, पूर्ण झालेल्या पासांना १०० ने, दर इंटरसेप्शनचे, म्हणजे विरोधकाने पकडलेल्या पासचे, २०० वजा करायचे आणि सगळ्याला टाकलेल्या पासांनी भागायचं. भावोजींनी ते उलटं फिरवून रिसीव्हरांना लावलंय. लहानपणी वडिलांनी पावकी-निमकी-दिडकी घोटून घेतली होती, त्याच चालीवर ते हे सूत्र म्हणतात. गाडी चालवताना, सिग्नलला.

त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "ईस्ट कॅरोलायनाचा झे जोन्स. २०१६ साली १५८ झेल, एका हंगामातला विक्रम. यार्ड १,७४६. एलएसयू विद्यापीठाचा जमार चेस, २०१९. झेल ८४, यार्ड १,७८०. सांग, भारी कोण?"

मी काही अगदीच बिनडोक नाही. "चेस. निम्म्या झेलांत तेवढेच यार्ड."

"घाई केलीस. चेसला बॉल कोण टाकत होतं? जो बरो. त्या वर्षी साठ टचडाउन पास टाकले त्याने! पलीकडून जस्टिन जेफरसन धावतोय, म्हणजे बचाववाल्यांचं निम्मं लक्ष तिकडे. जोन्सकडे काय होतं? आखूड पास घ्या आणि मार खा."

"मग जोन्स."

"अरे, दर झेलामागे अकरा यार्ड! त्याला कसा पहिला नंबर देऊ?"

"मग कोण?"

"तेच तर म्हणतो. छेद ठरल्याशिवाय प्रश्नच विचारायचा नसतो." आणि प्रश्न आपण विचारलेला नव्हता हे मी बोलून दाखवायच्या आत ते लॅपटॉप आणायला आत गेले. (जाता जाता, बरो हा ओहायोतच वाढलेला पोरगा, आधी ओहायो स्टेटमध्येच होता आणि तिथे संधी मिळेना म्हणून एलएसयूला गेला, ही जखमही त्यांनी उघडी करून दाखवली. कोलंबसमध्ये ती सगळ्यांनाच आहे.)

छेदासाठी लागणारी मोजणी ते विकतच्या आकड्यांवर सोडत नाहीत. कारण क्वार्टरबॅकने घाबरून बॉल मैदानाबाहेर भिरकावला, तर तो कुणासाठी टाकला होता हे मोजणारा आपल्या मनाने ठरवतो, आणि दोन मोजणाऱ्यांची मनं दोन. म्हणून रविवारी सकाळी अंघोळ, पूजा, पोहे उरकले की भावोजी कालच्या मॅचचं रेकॉर्डिंग लावतात आणि स्वतः रेघा मारतात. चार उभ्या, पाचवी आडवी. कागद कुठला, तर स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. एकादशीच्या शेजारी जिथे म्हणून पांढरी जागा सापडेल तिथे. एका हिवाळ्यात सांगलीहून ताईच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून कॅलेंडर बघितलं, नऊ रेघा, त्याखाली सहा, आणि ताईला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, दोघंच तर आहात. नऊ लिटर दूध करता काय एवढं?"

भावोजींनी आईला अर्धा तास समजावलं. सगळं ऐकून घेऊन माउली म्हणाली, "म्हणजे दूध घालणारा वेगळा आणि पिणारा वेगळा, आणि तू मधल्या मधे हिशेब ठेवतोस. तुला काय मिळतं त्यातून?" याचं उत्तर कुठल्याच सूत्रात नव्हतं.

या क्रमवारीच्या शिखरावर कायमचं नाव आहे जॉर्जिया टेकच्या डिमेरियस थॉमसचं, साल २००९. तो संघ जवळपास पास टाकतच नसे. प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचा सगळा भर बॉल काखेत घेऊन पळण्यावर. पंगतीत शेवटच्या पानावर बसावं आणि वाढपी वळूच नये, तशी तिथल्या रिसीव्हरची गत. आणि त्या पानावर बसून पोराने ४६ झेलांत १,१५४ यार्ड काढले. दर झेलामागे पंचवीस! संघाच्या एकूण पासिंगमधला निम्म्याहून मोठा वाटा एकट्याचा. भावोजी हे सांगताना उभे राहतात. पुढे व्यावसायिक फुटबॉलमधल्या डेन्व्हरने त्याला निवडीच्या पहिल्या फेरीत घेतलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले होते. कशाचे पेढे ते कुणालाच कळलं नाही. बहुतेकांना मुलगा झाला असं वाटलं.

हे सगळं मैदानापुरतं राहिलं असतं तर ताईने तक्रार केली नसती. पण तिकडे भाद्रपद आणि फुटबॉलचा हंगाम एकदमच सुरू होतात. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला एके वर्षी भावोजी खजिनदार होते. देणगीदारांची यादी लावायची होती. सरळ मोठ्या रकमेपासून लहान रकमेपर्यंत लावायची, सगळं जग तशीच लावतं. भावोजींनी प्रत्येक देणगीला त्या घरातल्या गाड्यांच्या संख्येने भागलं. पाचशे एक डॉलर देणारे डॉक्टर चार गाड्यांमुळे घसरून मधे कुठेतरी गेले आणि एक जुनी कोरोला बाळगून असलेलं विद्यार्थी जोडपं, दीडशे डॉलर देऊन, थेट पहिल्या नंबरवर. यादी आरतीच्या आधी उतरवली गेली. डॉक्टर दोन वर्षं भावोजींशी बोलत नव्हते. त्या जोडप्याने मात्र यादीचा फोटो काढून गावी पाठवला होता म्हणे.

त्यांचं दुसरं पालुपद "नमुना लहान आहे." एका मॅचमध्ये दोनशे यार्ड काढणाऱ्या पोराला ते या तीन शब्दांत निकालात काढतात. नव्या सुनेने केलेल्या पुरणपोळीवरही त्यांनी भर पंगतीत हाच अभिप्राय दिला. "उत्तम झालीय. पण नमुना लहान आहे." पोरीचा चेहरा उतरला. ताईने डोळे वटारले. भावोजींनी ताट पुढे केलं. "म्हणजे, आणखी दोन वाढा, मग ठाम सांगता येईल." मी फोन केला की तेच. "वर्षात एकदा फोन, पण बोललास दीड तास. कार्यक्षमता चांगली आहे तुझी. नमुना लहान."

गावाच्या आनंदात विरजण घालण्याचं त्यांचं कौशल्य वादातीत आहे. २०२२ च्या एक जानेवारीला रोझ बोलमध्ये ओहायो स्टेटच्या जॅक्सन स्मिथ-इन्जिग्बाने युटाविरुद्ध १५ झेलांत ३४७ यार्ड काढले. मॅच ४८-४५ अशी जिंकली. शेजारचे आजोबा कडाक्याच्या थंडीत अंगणात येऊन नाचले. भावोजी स्वेटर चढवून कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे आज खेळले नाहीत हे ध्यानात घ्या. सगळे बॉल याच्याकडेच येणार. छेद फुगलाय." आजोबा नाचायचे थांबले. त्यांनी थोडा वेळ भावोजींकडे पाहिलं आणि काही न बोलता घरात गेले.

याच्या आदल्या वर्षी तर कहर झाला होता. ११ जानेवारी २०२१, राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना, अलाबामा विरुद्ध ओहायो स्टेट. कोविडचे दिवस, म्हणून मी व्हिडिओ कॉलवर. अलाबामाचा डिव्हॉन्टा स्मिथ, तो काडीपैलवान पोरगा, नुकताच हाइझमन पुरस्कार जिंकून आलेला. १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर हा मान मिळवणारा पहिलाच रिसीव्हर. त्याने मध्यंतरापर्यंतच १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाउन करून ओहायो स्टेटचं पार भरीत केलं. सगळ्या गल्लीत सुतक. आणि आमच्या पडद्यावर भावोजींचा चेहरा असा उजळलेला की ताईने उठून खिडकीचे पडदे ओढून घेतले, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. दुसऱ्या अर्ध्यात बोट दुखावून स्मिथ बाहेर गेला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. भावोजी मात्र हळहळले. "अरे, अर्ध्याच सामन्यात २१५! आणि अर्ध्याने भागलं की दुप्पट होतं!" ५२-२४ असं हरल्यावर गावात बहुधा एकच माणूस समाधानाने झोपला.

लेकीने मिशिगनला प्रवेश घेतला तेव्हा मात्र त्यांना भागाकार सुचला नाही. ओहायो स्टेट आणि मिशिगन यांचं वैर बाहेरच्याला समजायचं नाही. त्या मॅचच्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरची 'एम' अक्षरंसुद्धा लाल फुल्या मारून खोडतात. ताईने त्या आठवड्यात मंडळाच्या दारावर लावलेल्या इंग्रजी पाटीचंही कुणी तेच केलं होतं, आणि महाराष्ट्र मंडळाला 'एम' तर दोन. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशिगनने कोलंबसमध्ये येऊन, सगळे अंदाज धुळीला मिळवत, १३-१० असं हरवलं. रात्री लेकीचा मेसेज आला. अभिनंदन नाही, सांत्वन नाही. 'बाबा, १३ भागिले १० = १.३.' भावोजींनी तो ताईला दाखवला आणि म्हणाले, "दशांश बरोबर दिलाय." आवाजात राग होता की अभिमान, हे ताई अजून ठरवू शकलेली नाही.

त्याच हंगामात ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथ होता. पहिल्या वर्षाचं पोर, पण वर्षअखेर ७६ झेल, १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन. टेक्ससविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला किती झेल मिळाले? एक. यार्ड तीन. संघ जिंकला, पण टीव्हीवर सगळे म्हणत होते की पोरगं गारठलं. भावोजींनी त्या रविवारी रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं. मी क्लीव्हलँडहून आलो होतो, मलाही बसवलं. ते सारखं थांबवून पडद्यावर पेन्सिल टेकवत. "हा बघ. दोघं याच्यामागे. हा परत बघ, एक मागे, एक वरून टपलेला. हा उगाच पळतोय असं तुला वाटतं. ह्याने दोन माणसं पळवून नेली म्हणून बाकीच्यांना मोकळं रान मिळालं. ह्याच्या नावावर काय? तीन यार्ड." त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना विमा कंपनीबद्दल, पगाराबद्दल, बढतीबद्दल असं बोलताना ऐकलेलं नाही, आणि बढतीबद्दल बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं असं ताई सांगते.

उपांत्य सामन्यानंतर दहा दिवसांनी, २० जानेवारीला, अंतिम सामना. समोर नोटर डेम. ओहायो स्टेटची आघाडी त्यांनी एकतीस-पंधरावरून एकतीस-तेवीसपर्यंत ओढत आणलेली. तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत, आणि पुन्हा बॉल गमावला तर काही खरं नाही. या खेपेला स्मिथवर एकच माणूस. बॉल उंच गेला आणि पोराने छप्पन्न यार्डांचा झेल घेतला. भावोजी सोफ्यावर चढले. सोफ्यावर! पंचावन्न वर्षांचा, मधुमेही, रविवारी पूजा करणारा माणूस. दार उघडून बाहेर गेले आणि अंधारात "ओ-एच!" असं गर्जले. शेजारच्या आजोबांनी घरातून प्रत्युत्तर दिलं. भावोजी परत आले, चष्मा पुसला आणि ताईने शांतपणे विचारलं, "अहो, रेघ मारलीत का?" मारली नव्हती.

एकदा ते फोनवर असताना मी त्यांची एक्सेलची फाइल खाली सरकवत गेलो. क्रमवारीत यायला किमान तीस झेल लागतात. (थॉमसला सेहेचाळीस झेल, म्हणून उंबरठा चाळीसच्या वर कधी गेला नाही, हे मी बोलून दाखवत नाही.) तीसच्या खालची नावं गाळायची असतात. यांनी गाळलेली नाहीत. खाली, खूप खाली, शेकडो ओळी. एक झेल, नऊ यार्ड. एक झेल, चार यार्ड. शिष्यवृत्तीशिवाय संघात राहिलेली, चार वर्षं सराव करून एकदाच बॉल हाती आलेली मुलं. प्रत्येकाच्या पुढे गुणोत्तर काढलेलं, दोन दशांश स्थळांपर्यंत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "काढून कशाला टाकायची? जागा कुठे खातात?"

या माणसाच्या भागाकाराला एकच अपवाद आहे आणि तो ताईने राखून ठेवलाय. ते फारच भागायला लागले की ती भांडी आवरता आवरता म्हणते, "सात जून एकोणीसशे पंच्याहत्तर." पहिला विश्वचषक, लॉर्ड्स, इंग्लंडच्या ३३४ चा पाठलाग. सुनील गावस्कर साठ षटकं खेळून नाबाद ३६. भावोजींच्या देव्हाऱ्यात गणपतीच्या खालोखाल गावस्कर.

"हं," ताई म्हणते, "छत्तीस. भागिले?"

भावोजी गप्प.

"भागिले एकशे चौऱ्याहत्तर चेंडू. काढा की गुणोत्तर. दोन दशांश स्थळांपर्यंत."

मागच्या दिवाळीत मी तिथे होतो. भावोजींनी फराळाची बशी बाजूला सारली, चकलीचा तुकडा बोटात धरला, छताकडे बघितलं. आता खेळपट्टीबद्दल काहीतरी सांगणार असं मला वाटलं. पण ते चांगले विचार करून म्हणाले, "चेंडूंनी कशाला भागायचं? सरासरी काढताना किती वेळा बाद झाला त्याने भागतात. तो त्या दिवशी बाद झाला का?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग छेद शून्य. छत्तीस भागिले शून्य." त्यांनी चकली तोंडात टाकली. "अनंत!"

"नमुना लहान आहे," ताई म्हणाली, आणि उरलेल्या चकल्यांचा डबा उचलून आत घेऊन गेली.